बदकमावशींचे ‘हे’

आमच्या घरातले नळ उघडायला पैलवान लागतो. माझे सासरे चाळीस वर्षं प्लंबर होते. गळणारा नळ दिसला की त्यांना स्वतःचीच अब्रू टपटप गळतेय असं वाटतं. त्यामुळे रोज उठल्याबरोबर घरातल्या सहाच्या सहा नळांना ते एकेक पीळ जास्तीचा देऊन येतात. मग तोंड धुवायला गेलेला माझा नवरा आतून ओरडतो, “बाबा, उघडा!” आणि बाबा जाऊन दोन बोटांनी नळ उघडतात. वर म्हणतात, “यात काय जोर लागतो रे?”

सासूबाई होत्या तेव्हा यावर घरभर हसणं व्हायचं. त्या गेल्याला अकरा महिने झाले होते. दुपारचा चहा अर्धा राहिला, कप खाली ठेवून “जरा पडते” म्हणाल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. तेव्हापासून बाबांनी उंबरा ओलांडला नव्हता म्हटलं तरी चालेल. सकाळी नळ पिळायचे, दुपारी जुने पाने तेल लावून पुसायचे, संध्याकाळी खिडकीत बसायचं. बोलणं कमी झालं होतं. माझ्याशी तर फारच कमी. आमच्या दोघांमधला पूल म्हणजे आईच होत्या. त्यांना सांगितलं की बाबांपर्यंत पोचायचं, आणि बाबांचं उत्तरही त्यांच्याकडूनच यायचं.

मी व्हॅन चालवते. आठ जणांची, माझी स्वतःची. सकाळी पाहुण्यांना त्यांच्या हॉटेलांवरून उचलायचं, तासाभरावरच्या गुहेत न्यायचं, तिथून पुढे कुंडावर, आणि दिवस मावळायच्या आत परत. कुंड म्हणजे बांधलेलं काही नाही. जमिनीखाली पाण्याने चुनखडी पोखरली, वरचं छत कोसळलं आणि भलीमोठी गोल विहीर तयार झाली. वरून झाडांची मुळं दोरखंडासारखी पाण्यापर्यंत लोंबतात. पाणी निळसर हिरवं. तीन पुरुष खोल दिसतं आणि मग दिसायचं बंद होतं.

पाहुण्यांबरोबर पाण्यात मी उतरते. माझी जोडीदारीण वर ओट्यावर स्टूल टाकून बसते आणि दर पाच मिनिटांनी डोकी मोजून आकडा ओरडते. पाण्यात असलेल्याला पाण्यातली माणसं नीट मोजता येत नाहीत, म्हणून हा नियम. तो आम्ही कधी मोडत नाही.

त्या गुरुवारी सकाळी सहाला तिचा फोन आला. मुलीला ताप भरला होता, ती येऊ शकत नव्हती. माझा नवरा छापखान्यात, सकाळच्या पाळीला निघून गेलेला. पाच पाहुणे तयार होऊन बसलेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. बाबा पाना पुसत होते.

“बाबा, एक काम होतं. पाच माणसं मोजायची आहेत.”

“कुठे?”

“कुंडावर.”

त्यांनी मान वर केली नाही. “मला पाणी पाइपात बरं वाटतं. ज्याचा तळ दिसत नाही ते पाणी काही खरं नाही.”

“तुम्हाला उतरायचं नाहीये. वर बसायचं आणि आकडा ओरडायचा. शिट्टीपण आहे.”

“शिट्टी मला देणार?”

“गळ्यात घालून देते.”

पाच मिनिटांत ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावून व्हॅनपाशी हजर. “पिशवी कशाला?” म्हटलं, तर म्हणाले, “प्लंबर पिशवीशिवाय बाहेर पडला की नेमका त्याच दिवशी नळ फुटतो.”

मी हसले, पण दोनदा विचार करूनच व्हॅन सुरू केली. कारण त्या कुंडावर असं काहीतरी होतं जे बाबांना ठाऊक नव्हतं, आणि मला होतं.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी आईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि दर मंगळवारी मी त्यांना गुडघ्यांच्या दवाखान्यात सोडून पुढे जायचे. एका मंगळवारी दवाखाना बंद निघाला. परत न्यायला वेळ नव्हता, म्हणून त्यांना कुंडावरच घेऊन गेले. त्या शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसल्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, “अगं, दुखायचं थांबलंय.” पुढच्या मंगळवारी त्यांनी मला दवाखान्यापाशी व्हॅन थांबवूच दिली नाही. महिन्याभरात जॅकेट घालून तरंगायला लागल्या, आणि वर्षाच्या आत जॅकेटशिवाय पोहायला. एकसष्टाव्या वर्षी! मान ताठ वर काढून, पाण्याचा एक थेंब चेहऱ्याला लागू न देता पोहायच्या. म्हणून तिथली सगळी मंडळी त्यांना बदकमावशी म्हणायची.

“बाबांना सांगू या की,” मी एकदा म्हटलं होतं.

“आत्ता नको. ते नाही म्हणतील म्हणून नव्हे. ते बरोबर येतील! आणि काठावर उभं राहून माझ्या प्रत्येक हाताला ‘जपून, जपून’ म्हणतील. जपून कुणाला पोहता येतं का? मला एकदा पुरा फेरा मारता येऊ दे. मग मीच नेते त्यांना.”

तर असं ते गुपित दोन वर्षं चाललं. आई गेल्यावर सांगायचं कसं आणि कोणत्या तोंडाने, ते मला कळेना, आणि मग जितके दिवस जात गेले तितकं ते जड होत गेलं. त्या दिवशी माझा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता: गुरुवारी तिकीटवाल्या बाईंची सुट्टी असते. बाकी कुणी बाबांशी बोलायला येण्याचं कारण नव्हतं.

पाहुणे चांगले होते. एक नवंनवं लग्न झालेलं जोडपं, सकाळीच कशावरून तरी बिनसलेलं, दोघं दोन खिडक्यांना चिकटलेली. एक दातांची डॉक्टर आणि तिची सात वर्षांची मुलगी. डॉक्टरचीच मुलगी, आणि समोरचे दोन दात पडलेले. आणि एक लायब्ररीतला माणूस, एकटाच आलेला, जो रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यांदा वाचायचा. बाबा माझ्या शेजारी, गळ्यात शिट्टी, मांडीवर पिशवी.

पहिल्यांदा गुहा. आत घोट्याएवढं पाणी, वरून चुनखडीचे सुळके, त्यांच्या टोकाला थेंब. मी नेहमीचं सांगायला लागले की हा एकेक सुळका थेंबाथेंबाने तयार झाला आहे. बाबांनी बॅटरी वर मारली आणि बराच वेळ न्याहाळत राहिले.

“किती वर्षं गळतंय हे?”

“हजारो वर्षं, बाबा.”

“आणि कुणी तक्रार केली नाही?”

लायब्ररीवाला इतका हसला की वटवाघळं उडाली. दात पडलेली चिमुरडी तेव्हापासून बाबांचा हात सोडीना. “आजोबा, हे पाणी कुठून येतं?” “आजोबा, हे पाणी कुठे जातं?” आणि बाबा तिला सांगत होते, पाणी कसं वाट शोधतं, खडक असो नाहीतर पाइप, त्याला कमजोर जागा बरोबर सापडते. एका ठिकाणी त्यांनी तिला भिंतीला कान लावायला लावलं. “ऐक. आत मोठी लाइन चालू आहे.” मीही कान लावला. खरंच खोलवर कुठेतरी पाणी वाहत होतं. मी सहा वर्षं त्या गुहेत जातेय, मला कधी ऐकू आलं नव्हतं. अकरा महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि मनात म्हटलं, आता कुंडावर तेवढं निभावून जाऊ दे.

कुंडावर पोचलो तर तिकिटाच्या खिडकीत बाई बसलेल्या. सुट्टी बदलून घेतली होती म्हणे.

“ताई, आज पाण्यात सोडता येणार नाही हो,” त्या मला बघताच म्हणाल्या. “शॉवर बिघडलाय. बंदच होत नाही. टाकी रिकामी व्हायला लागली म्हणून मागून पाणी तोडलं.”

तिथला नियम कडक आहे. अंगावरची क्रीमं, तेलं, घाम, सगळं आधी शॉवरखाली धुवायचं आणि मगच कुंडात उतरायचं, नाहीतर पाणी खराब होतं. पाहुण्यांचे चेहरे उतरले. बाबांनी पिशवी खाली ठेवली.

“मागचा कॉक कुठे आहे?”

त्यांनी शॉवरचा नळ खोलला, आतला वायसर काढून उन्हात धरला आणि वैद्याने नाडी बघावी तसं त्याच्याकडे पाहिलं. “हा गेला. बिचाऱ्याने पुष्कळ केलं.” पिशवीतल्या डबीतून नवा वायसर काढला, आट्यांना टेप गुंडाळली, पान्याने आवळलं. दहा मिनिटांत काम झालं. चिमुरडी शेजारी उकिडवी बसून एकेक वस्तू हातात देत होती. बाबांनी मागचा कॉक सोडला, शॉवर बंद ठेवून एक थेंबही पडत नाही याची खात्री केली आणि हात पुसले.

“या, बघा उघडून.”

बाई कौतुकाने पुढे आल्या. नळ धरला. फिरेना. दोन्ही हातांनी धरला. फिरेना. नवरदेव पुढे झाला, बायकोसमोर जरा छाती काढून. त्याचाही चेहरा लाल झाला, नळ जागचा हलला नाही. बायकोला हसू फुटलं, सकाळपासूनचं पहिलं.

बाबांनी दोन बोटांनी नळ उघडला. “यात काय जोर लागतो?”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हळूहळू त्यांचा सगळा चेहरा उजळला.

“अगंबाई! तुम्ही बदकमावशींचे ‘हे’ ना?”

मी पाहुण्यांना जॅकेटं घालत होते. एक बक्कल हातात तसंच राहिलं.

“कोण बदकमावशी?” बाबा म्हणाले.

“अहो, त्याच! किती ऐकलंय तुमच्याबद्दल. ‘आमच्या ह्यांनी बंद केलेला नळ उघडायला गल्लीतून माणसं बोलवावी लागतात,’ सांगायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या. मंगळवार आला की अजून माझी नजर व्हॅनच्या दाराकडे जाते बघा.”

“बाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय. माझी बायको वारली. आणि तिला पोहता येत नव्हतं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बक्कलाकडे. त्यांच्या लक्षात आलं, पण तीर सुटून गेला होता. त्यांनी आवाज खाली आणला.

“हनुवटीवर तीळ,” त्या म्हणाल्या. “डाव्या गुडघ्याला पट्टा. हिरवी टोपी. पाण्यात पाय टाकताना ‘आई गं’ म्हणायच्या, आणि मग काही केल्या बाहेर यायला तयार नसायच्या. टोपी अजून आहे हो त्यांची, बायकांच्या खोलीत खुंटीवर. काढवत नाही.”

बाबांनी पाना पिशवीत ठेवला. वायसरची डबी ठेवली. टेपचं टोक चिकटवून ती ठेवली. पिशवीचा बंद ओढला. मग मला विचारलं, “किती माणसं?”

“पाच. बाबा, मी...”

“पाच. चल मग, खोळंबलेत सगळे.”

ते माझ्याकडे न बघता वरच्या ओट्यावर गेले आणि स्टुलावर बसले.

मला पाण्यात उतरावंच लागलं. पाहुणे तर काही माझ्या घरच्या गोष्टींसाठी आले नव्हते. लाकडी जिना शेवाळाने निसरडा असतो, एकेकाला हात धरून उतरवावं लागतं. चिमुरडीला आईजवळ दोरापाशी ठेवलं. नवरदेवाला ताकीद दिली की मुळांवर चढायचं नाही. लायब्ररीवाल्याने आत शिरण्याआधी नियमांचा फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. बाराच्या सुमाराला ऊन सरळ आत उतरलं आणि पाण्यात उजेडाचा एक खांब उभा राहिला. सगळे ‘अहाहा’ करत होते. मी वर कान लावून होते.

“पाच!” बाबांचा आवाज आला. शिट्टी नाही, नुसता आवाज.

पाच मिनिटांनी पुन्हा. “पाच.”

तो आकडा चारी भिंतींवर आपटून माझ्यापाशी येत होता. मी त्यात राग शोधत होते, तर तो सापडेना. नुसता आकडा होता, सरकारी कागदासारखा कोरडा. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “पाच.” आणखी पाच मिनिटांनी “पाच.” प्रत्येक वेळी जरा हळू.

आणि मग आवाज आलाच नाही.

आधी वाटलं, माझंच घड्याळ पुढे आहे. मनगटावर बघितलं. सहा मिनिटं. सात. वर पाहिलं तर स्टूल रिकामं. शेजारी पिशवीही नव्हती.

मी पाहुणे मोजले, दोनदा. पाचही होते. पण सहावा कुठे होता? कुंडाच्या वर कठडा आहे, पण जुना. मागे जंगलात जाणाऱ्या तीन पायवाटा. नाहीतर रागाने रस्त्याला लागले असतील, उन्हात, पायी. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते आलं. वर धावावं तर पाण्यात पाच जीव माझ्या हवाली, त्यातला एक सात वर्षांचा. मी हाक मारली, “बाबा!” भिंतींनी चार वेळा “बाबा” म्हटलं. वरून तिकीटवाल्या बाई डोकावल्या, त्यांनी हातानेच ‘इथे नाहीत’ असं सांगितलं. मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “सगळे दोरापाशी या. ताबडतोब.” माझा आवाज ऐकून नवरदेवसुद्धा मुकाट्याने आला.

“पाच,” अगदी जवळून कुणीतरी म्हणालं.

जिन्याच्या खालच्या अंगाला खडकाचा एक फुगवटा आहे. त्याच्यामागची पायरी पाण्यातून दिसत नाही. मी चार हात मारून पलीकडे गेले. बाबा शेवटच्या पायरीवर बसले होते. बूट शेजारी नीट जोडून ठेवलेले, मोजे बुटांत, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पिशवी मांडीवर. पाय घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात. बारके मासे पावलांना टोचत होते आणि ते पाय न हलवता बघत होते.

“इथून दोघं दिसत नाहीत,” ते म्हणाले. “पण आवाज मोजले. पाच आहेत.”

मला रडू आलं, आणि रागही. “सांगून उतरायचं ना, बाबा! माझा जीव गेला असता.”

“सांगून?” ते म्हणाले. “आपल्या घरात सांगायची पद्धत आहे का?”

मी पायरीला घट्ट धरलं.

“दोन वर्षं,” ते म्हणाले. “दर मंगळवारी विचारायचो, आज काय केलंस? म्हणायची, आज जरा लांबपर्यंत गेले. मला वाटायचं, चालली असेल.” त्यांनी मांडीवरची पिशवी जरा सरकवून घेतली. “मी तिच्यासाठी बाथरूममध्ये टब बसवला. गरम आणि गार पाण्याची वेगळी लाइन टाकली. डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितलाय म्हणाली, म्हणून.”

“टबात बसायच्या की त्या. दर रविवारी.”

“माझ्यासाठी बसायची,” बाबा म्हणाले. “आता कळतंय.”

“त्यांना आवडायचा तो टब.”

“पोरी, खोटं आता पुरे.”

“खोटं नाही. त्या म्हणायच्या, एवढ्याशा टबाला ह्यांनी एवढी जोडणी केलीय की घरात धरण आलंय.”

त्यांचा ओठ हलला. हसू होतं की काय, सांगता येणार नाही.

“मी काय वाघ होतो का गं? खाल्लं असतं का तिला?”

“नाही हो. तुम्ही काठावर उभे राहिला असता. ‘जपून, जपून’ म्हणत. तेवढंच नको होतं त्यांना.”

त्यांनी पाण्यातला एक पाय जरासा हलवला, मासे पांगले. “म्हटलं असतंच,” शेवटी म्हणाले. “अजूनही म्हणेन. तळ दिसत नाही इथे.” मग हनुवटीने समोर दाखवलं. “कुठपर्यंत जायची?”

मी दाखवलं. इथून सुरुवात, त्या जाड मुळापर्यंत, तिथे हात टेकून दम घ्यायचा, मग पलीकडच्या भिंतीकडेने, पाकोळ्यांच्या घरट्यांखालून, आणि परत या पायरीला. बाबांची नजर त्या वाटेने सावकाश फिरली. मधेच कुठे तुटली नाही.

“अख्खा फेरा?”

“अख्खा. जायच्या आधी तीन आठवडे पहिल्यांदा जमला. तुम्हाला त्याच आठवड्यात आणणार होत्या. पण तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. म्हणाल्या, आधी ह्यांना नीट दिसू दे.”

बाबांनी चष्मा काढला. पुसला. घातला. पुन्हा काढला. मी पाण्याकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघायची ती वेळ नव्हती. मागे लायब्ररीवाला दोरापाशी नवरीला सांगत होता की या कुंडातल्या माशांचे डोळे फार बारीक असतात, असं फलकावर लिहिलंय.

“पोहून आली की भूक लागत असेल,” बाबा म्हणाले. “जेवायची का इथे? की तशीच उपाशी यायची?”

“मी अंडी आणि पाव आणायचे. बाई फळं द्यायच्या. चांगलं दोन माणसांचं जेवायच्या.”

“म्हणजे मंगळवारी घरी येऊन ‘भूक नाही’ म्हणायची ती त्यामुळे. मला वाटायचं, दवाखान्याचा वास डोक्यात बसतो हिच्या.” आणि मग ते खरोखरच हसले, खांदे हलवून, आवाज न करता. हसता हसता त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या ओल्या डोक्यावर ठेवला. आईंच्या माघारी पहिल्यांदाच. लग्नानंतरही पहिल्यांदाच असेल.

“जा,” म्हणाले, “तुझी माणसं गारठतील. मी वर जातो. इथून मोजणी बरोबर होत नाही.”

निघताना त्यांनी बायकांच्या खोलीच्या दाराबाहेर थांबून बाईंना टोपी दाखवायला सांगितली. बाईंनी ती खुंटीवरून काढून आणली. हिरवी, रबराची, कपाळाच्या बाजूला जराशी फाटलेली. बाबांनी ती उलटीपालटी करून बघितली. “बारीक आहे गं,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, “घरी नेऊ या?” त्यांनी टोपी बाईंच्या हातात परत दिली. “राहू दे तिथेच. तिची जागा आहे ती.” मग शॉवरकडे वळून अर्धा पीळ सैल केला. “आता तुम्हाला उघडेल,” बाईंना म्हणाले.

परतीच्या वाटेवर चिमुरडी त्यांच्या दंडावर डोकं टाकून झोपली. नवराबायको आता एकाच खिडकीतून बघत होती. बाबा मला एकेक विचारत होते. पहिल्या दिवशी काय घालून आली होती? नाकात पाणी गेलं का? घाबरली का? कुणी शिकवलं, तू? पाय कसे मारायची? मला आठवेल ते मी सांगत होते, आणि ते समोर रस्त्याकडे बघत मान हलवत होते, ग्राहकाकडून गळतीची सगळी हकिगत नीट ऐकून घ्यावी तसे. डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या, “कुणाबद्दल बोलताय?” बाबा म्हणाले, “आमच्या घरातल्या एका बाईबद्दल. फार छान पोहायची.”

रात्री जेवायला बसलो. माझा नवरा दिवसभराचा थकलेला, हातांना शाई, ताटात मान घालून जेवत होता.

“तुझ्या आईला पोहता येत होतं, ठाऊक आहे का तुला?” बाबांनी विचारलं.

“कुणाच्या आईला?”

“तुझ्या.”

त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, वडिलांना काय झालं म्हणून. मी भात वाढत राहिले.

बाबांनी ताट बाजूला सारलं. “साधंसुधं नाही. अख्खा फेरा. एवढं मोठं कुंड, आपल्या गल्लीएवढं. पायरीवरून उतरायची, ‘आई गं’ म्हणायची. मग मान अशी.” त्यांनी मान ताठ करून हनुवटी वर काढली. “चेहऱ्यावर थेंब नाही. हात असे, पुढून बाजूला, पुढून बाजूला.” दोन्ही हात ताटांच्या वरून फिरायला लागले. पाण्याचा तांब्या मी वेळेवर उचलला. “गुडघ्याला पट्टा, डोक्याला टोपी. जाड मुळापाशी जाऊन एक हात टेकायची. घाईबिई काही नाही. जरा इकडेतिकडे बघायची. मग भिंतीकडेने परत. वर पाकोळ्या, खाली एवढं पाणी, तळ नाही, आणि ही बाई आपली चाललीय. बघत राहावं असं.”

“तुम्ही पाहिलंत?” माझ्या नवऱ्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

“पाहिलं म्हणजे काय,” ते म्हणाले. “दोन फेरे मारले तिने. न थांबता.”

फेरा एकच होता. मी तांब्या पुन्हा खाली ठेवला. माझा नवरा हातातला घास विसरून पुढे सरकला, म्हणाला, “बाबा, पहिल्यापासून सांगा,” आणि बाबांनी पुन्हा पायरीवरून सुरुवात केली.